परसात वेधशाळेचा डोम: साताऱ्याच्या पावसावाऱ्यात टिकेल असा कसा बांधायचा

आपल्याकडे साताऱ्यात आकाश बघायचे महिने म्हणजे ऑक्टोबर ते मे, बाकीचे चार महिने डोम नुसता पावसात उभा असतो. म्हणून डोम बांधायला घेताना आधी पावसाचा विचार करा आणि मग ताऱ्यांचा. नेटवर जे प्लॅन मिळतात ते बहुतेक थंड देशातले असतात, बर्फाचा भार वगैरे सगळं त्यात असतं पण आपली झड, आपला वळीव आणि आपली काळी माती त्यात नसते. खाली जे देतोय ते ८ फूट व्यासाच्या डोमचं आहे. ८ इंचाचा टेलिस्कोप, एक बघणारा आणि एक पाहुणा एवढं त्यात नीट मावतं. पहिल्यांदा करताय तर यापेक्षा मोठा धरू नका, वजन आणि खर्च दोन्ही भराभर वाढत जातं.

डोमच का, सरकतं छप्पर का नाही, हे बरेच जण विचारतात. सरकतं छप्पर करायला सोपं आहे हे खरंच, पण छप्पर सरकवायला शेजारी तेवढीच मोकळी जागा लागते, आणि छप्पर सरकवलं की वारा थेट टेलिस्कोपवर. चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत, आपल्या भागात वारा आहे. शिवाय शेजारच्यांचा एलईडीचा दिवा आणि रस्त्यावरचा खांब डोमच्या भिंतीआड जातो, हा फायदा गावात राहणाऱ्याला फार मोठा.

जागा बघताना

साताऱ्याचा अक्षांश साधारण १७.७ अंश, सांगलीचा १७ च्या थोडा खाली. म्हणजे ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंशांवर असतो. विषुववृत्तीय माउंट (टेलिस्कोप ज्यावर बसतो आणि ताऱ्यांच्या मागे फिरतो ते स्टँड) लावायचं असेल तर उत्तरेकडे ध्रुवतारा दिसला पाहिजे, आणि इथे साधा हिशोब असा की उत्तरेकडच्या घराची गच्ची तुमच्या टेलिस्कोपपेक्षा १० फूट उंच असेल तर ते घर निदान ३२ फूट लांब पाहिजे, २० फूट उंच असेल तर ६३-६४ फूट. त्यापेक्षा जवळ असेल तर ध्रुव दिसणार नाही, मग ड्रिफ्ट अलाइनमेंट, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघत माउंट ध्रुवाकडे वळवणं, करत बसावं लागतं, ते जमतं पण नवीन माणसाला कंटाळा येतो. आणि माउंट विकत घेण्याआधी तो किती अंशापर्यंत खाली झुकतो ते नक्की विचारा, काही माउंट २० अंशाच्या खाली जातच नाहीत.

आता दक्षिण. मला विचाराल तर उत्तरेपेक्षा दक्षिण जास्त सांभाळा, कारण आपण एवढ्या खालच्या अक्षांशावर आहोत हे आपलं भाग्य आहे. अगस्त्य आपल्याकडे जवळजवळ २० अंश वर येतो, ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ २५ अंशांच्या आसपास, आणि मित्र म्हणजे अल्फा सेंटॉरी साडेअकरा अंश. युरोपातल्या बहुतेकांना घरबसल्या यातलं काहीच मिळत नाही. सातारा शहरात अजिंक्यतारा नेमका दक्षिणेला आहे, त्यामुळे किल्ल्याच्या पायथ्याशी घर असेल तर हा सगळा भाग डोंगराआड जातो, अशा वेळी गावाकडच्या वावरात किंवा नातेवाइकांच्या परसात जागा बघितलेली बरी.

गच्चीवर डोम करू नका असं माझं स्पष्ट मत. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ११ पर्यंत गरम हवा सोडत राहतो, त्यामुळे ग्रह उकळत्या पाण्यात असल्यासारखा दिसतो, आणि घरात कुणी जिन्यावरनं उतरलं तरी प्रतिमा हलते. जागाच नसेल आणि गच्चीच उरली असेल तर निदान पिअर (टेलिस्कोपचा खांब) खालच्या कॉलमच्या बरोब्बर वर येईल असं बघा. बांधकामाआधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन विचारून या, आणि शेजाऱ्यांनाही आधीच सांगा, नाहीतर घरात टाकी बांधताय की मंदिर यावर चर्चा सुरू होते.

पिअर, म्हणजे मधला खांब

दिवाळी झाली की खोदाई काढा, म्हणजे वळीव यायच्या आत सगळं झाकून होतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, तिच्यावर पिअर उभा केला तर दरवर्षी थोडा कलणार. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं. कृष्णेकाठी काळी माती खोल असते, तिथे मुरूम लागत नसेल तर अडीच बाय अडीच फुटाचा खड्डा चार-साडेचार फूट नेऊन खाली मुरूम भरून चोपून घ्या आणि त्यावर फुटिंग घाला. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ध्यानात ठेवून जोतं उंच घ्यावं आणि विजेचे पॉइंट तर अजूनच वर.

फुटिंगवर १० ते १२ इंची पीव्हीसी पाईप शटरिंग म्हणून उभा करायचा, आत १२ एमएमच्या सहा सळया, त्याला रिंगा, आणि १ : १.५ : ३ चं काँक्रीट. वर १६ एमएमचे बोल्ट ओले असतानाच बसवायचे, त्यासाठी माउंटच्या खालच्या प्लेटचं प्लायचं टेम्प्लेट आधी करून ठेवा, बोल्ट नंतर ड्रिल करून घालू असं गवंडी म्हणेल पण ऐकू नका. सात दिवस तरी गोणपाट टाकून पाणी मारा, आणि माउंट महिनाभराने चढवा.

पिअर आणि खोलीची फरशी यांच्यात चारी बाजूंनी इंचभर फट हवीच. फरशी ओतताना मध्ये थर्माकोलची पट्टी ठेवायची आणि नंतर काढून टाकायची. ही फट नसेल तर तुम्ही पाऊल टाकलंत की शनी नाचतो. गवंड्याला हे आधी नीट समजावून सांगा, कारण त्याच्या दृष्टीने फट म्हणजे खराब काम आणि तो मायेने सिमेंटने भरून टाकतो.

पिअरची उंची किती? टेलिस्कोप ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू डोमच्या गोलाच्या केंद्राशी यायला हवा, म्हणजे डोम ज्या गोल कड्यावर बसून फिरतो त्या रिंगच्या पातळीला. रिंग जमिनीपासून साडेचार फुटावर म्हणजे ५४ इंचांवर धरू, माउंट समजा १६ इंच उंच आहे, तर पिअर ३८ इंच. तुमचं माउंट मोजून आकडा काढा. डॉब्सोनियन (जमिनीवर ठेवायच्या साध्या लाकडी स्टँडवरचा टेलिस्कोप) असेल तर तो मुळातच बुटका असतो, त्याला खाली चबुतरा करून वर घ्यावा लागतो, नाहीतर सगळं क्षितिज भिंतीआड.

उत्तर दिशा काढायला होकायंत्र वापरू नका, जवळ सळया असल्या की ते भलतीकडे दाखवतं. सरळ काठी ओळंब्याने उभी करा, सकाळी १० च्या सुमाराला सावलीच्या टोकावर खूण करा, काठीभोवती तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढा, दुपारी सावली पुन्हा त्या वर्तुळाला शिवेल तिथे दुसरी खूण, आणि दोन्ही खुणांच्या मधोमध उत्तर-दक्षिण रेषा. सातारा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून साडेआठ अंश पश्चिमेला असल्याने आपली खरी दुपार १२ ला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा, सावली लांब पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य डोक्यावर येतो आणि भरदुपारी सावलीच नसते.

रिंग, इथे घाई करू नका

लोक गोल घुमट कसा होणार या काळजीत असतात, खरं तर घुमट सोपा आहे, डोम फिरणार की अडकणार हे रिंगवर ठरतं. रिंग गोल असली आणि सपाट असली की शंभर-सव्वाशे किलोचा डोम एका हाताने फिरतो.

गोल भिंत बांधायच्या भानगडीत न पडता अष्टकोनी खोली करा. चाळीस एमएमच्या चौकोनी पाईपचे आठ खांब, केंद्रापासून प्रत्येक ४५ इंचांवर, म्हणजे दोन खांबांत साधारण साडेचौतीस इंच अंतर येतं. खांबांचा पाया पिअरच्या पायापासून सुटा. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक चाक, चार इंची नायलॉनचं, फिक्स प्रकारचं, गर्रकन वळणारं नको. चाकं वर तोंड करून खांबावर आणि रिंग त्यावर फिरणार, म्हणजे चाकं कायम छपराखाली कोरडी राहतात. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाईप घेऊन आठही चाकांच्या माथ्याची पातळी दोन एमएमच्या आत आणा. प्रत्येक चाकाचा आस केंद्राकडे रोखलेला हवा, पिअरला दोरा बांधून तो चाकाच्या आसावरून ताणून बघायचा. एक जरी चाक तिरकं असलं तरी रिंग तिथे घासत जाते, बाहेरच्या बाजूला ढकलली जाते आणि मग लोक ग्रीस लावत बसतात.

रिंग दोन प्रकारे होते. जिन्याची गोल रेलिंग करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे रोलिंगचं मशीन असतं, त्याच्याकडनं अँगल रोल करून मिळतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने रिंग पिळवटते आणि ती सरळ करणं सोपं नाही. मी नवीन माणसाला प्लायची रिंग सांगेन. १८ एमएम मरीन प्लाय, दुकानात आयएस ७१० लिहिलेला मागा. बाहेरची त्रिज्या ४८ इंच, आतली ४२, आठ तुकड्यांचा एक थर आणि वर दुसरा थर असा फिरवून बसवायचा की खालचा सांधा वरच्या तुकड्याच्या मधोमध येईल. मध्ये वॉटरप्रूफ ग्लू, वरनं स्क्रू. तुकडे कापण्यासाठी एका टोकाला खिळा आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल अशी लाकडी पट्टी करा, दोरी नको, दोरी ताणते. चिकटवताना रिंग खोलीच्या सपाट फरशीवरच आडवी ठेवून वजनं ठेवा. खालच्या बाजूला चाकाच्या वाटेवर ॲल्युमिनियमची पट्टी मारली की लाकूड दबत नाही.

रिंग बाजूला सरकू नये म्हणून एकाआड एक चार खांबांवर आडवे बेअरिंग लावा, ते रिंगच्या आतल्या कडेला हलके टेकतील असे, आणि पुढेमागे करायला लांबट भोक ठेवा.

कमानी आणि पाकळ्या

डोमच्या उघड्या भागाला, म्हणजे फटीला, २७ इंच रुंदी ठेवा. तिच्या दोन्ही बाजूंना दोन समांतर कमानी रिंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. आता इथे बारकाईने बघा. या कमानी केंद्रातनं जात नाहीत, केंद्रापासून साडेतेरा इंच बाजूला असतात, त्यामुळे त्यांची त्रिज्या ४८ नसते, ४६ असते. (४८ चा वर्ग वजा १३.५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ.) ४८ नेच कापल्या तर कमानी डोमच्या वर दोन इंच डोकावतात आणि कुठलीच पाकळी त्यांना नीट बसत नाही. बाकीच्या बरगड्या मात्र ४८ च्या, रिंगवर दर ३० अंशांवर एक, आणि वर येऊन कमानीला टेकतात. कमानी १८ एमएम प्लायच्या दोन थरांच्या, बरगड्या एका थराच्या चालतात, रुंदी तीन इंच.

त्यावर ४ एमएम मरीन प्लायच्या पाकळ्या. पूर्ण पाकळीची लांबी सव्वापंचाहत्तर इंचांच्या थोडी वर येते. खालच्या कडेला रुंदी २५ इंच, मग दर साडेबारा इंच वर गेलं की २४, साडेएकवीस, साडेसतरा, साडेबारा, साडेसहा आणि शेवटी टोक. हे बिंदू लवचिक पट्टीने जोडून वक्र काढा. आठ बाय चारच्या शीटमधनं एक सुलटी एक उलटी अशा दोन पाकळ्या निघतात. फटीजवळच्या पाकळ्या कमानीपाशी कापाव्या लागतात, त्यांचं गणित करत बसू नका, वर्तमानपत्राचे कागद चिकटवून जागेवरच माप घ्या. वाकवताना प्लाय कडकडला तर बाहेरच्या बाजूने ओलं फडकं फिरवून थोडा वेळ थांबा.

फायबरचं काम

प्लाय नुसता रंगवून आपल्या पावसात दोन वर्षंही टिकत नाही, वर फायबर हवंच. ८ फुटी अर्धगोलाचं क्षेत्रफळ १०० चौरस फूट, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे (काचतंतूंच्या चादरीचे) दोन थर धरले तर साडेआठ किलो मॅट, आणि रेझिन मॅटच्या साधारण अडीचपट म्हणजे २१ किलो, वर लाकूड पिईल ते वेगळं. सातारा, कुपवाड किंवा कोल्हापूरकडच्या शिरोलीच्या एमआयडीसीत चौकशी करा, फायबरच्या टाक्या-दरवाजे करणाऱ्यांना माल कुठे मिळतो ते माहीत असतं.

एक गोष्ट जीवावरची आहे, म्हणून ठळक सांगतो. हार्डनर (एमईकेपी) आणि कोबाल्टचं ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, स्फोट होतो. दुकानदाराकडनं कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन मागा म्हणजे घरी फक्त हार्डनर घालायचा, किलोला १० ते २० मिली. डोळ्यावर गॉगल, हातात ग्लोव्ह्ज, वाफेचा मास्क, आणि मुलांना त्या दिवशी परसात येऊ देऊ नका.

आधी प्लाय खरखरीत घासून पातळ रेझिनचा एक हात द्या, मग सांध्यांवर सहा इंची पट्ट्या, मग सगळीकडे मॅट. एका वेळी किलोभरच मिक्स करा. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी डब्यातच घट्ट होऊन जातं, त्यामुळे थंडीतली सकाळ, ऊन चढायच्या आत. रोलरने हवेचे बुडबुडे काढा, बुडबुडा राहिला की तिथे पुढे पाणी शिरतं. वाळलं की घासून बाहेरनं पांढरा रंग, उन्हाने फायबर खराब होतं ते रंगाने वाचतं आणि आत तापतही कमी. आतनं बिनचमकीचा काळा रंग.

शटर

फट रिंगपासून सुरू होऊन डोक्यावरच्या बिंदूच्या पुढे १२ अंश, म्हणजे साडेनऊ-पावणेदहा इंच गेली पाहिजे, नाहीतर माथ्यावर आलेली गोष्ट दिसत नाही. शटर म्हणजे या फटीचं झाकण, ते दोन तुकड्यांत: खालचा ३५ अंशांचा तुकडा (२८ इंच) हाताने काढून बाजूला ठेवायचा, वरचा ७० अंशांचा (५६ इंच) मागे सरकवायचा. मागे कमानीवर ७८ अंश जागा उरते त्यामुळे तो पूर्ण मागे जातो. सरकवायला स्लायडिंग खिडकीचे रोलर आणि दोन्ही दिशांना दोरी, कारण माथा ओलांडला की शटर मागे आपोआप पळतं, तिथे रबराचा स्टॉपर लागतोच.

पाणी अडवायचं ते असं: फटीच्या दोन्ही कडांना आणि खालीवर दोन ते तीन इंच उंच उभी पट्टी काढा, आणि शटरच्या कडा त्या पट्टीच्या बाहेरनं खाली वळवा. वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर कौलांसारखा चढलेला पाहिजे. सिलिकॉनवर भरवसा ठेवू नका, ते दोन उन्हाळ्यात सुटतं, पाणी आकाराने अडवायचं. रिंगच्या बाहेर चार इंच खाली लोंबणारी झालर ठेवा, आणि झालर व भिंत यांच्यामध्ये मऊ रबराची पट्टी, म्हणजे खालनं वर उडणारी झड आत येत नाही.

वारा, वीज आणि तापमान

ताशी १०० किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४८ किलो भरतो, आणि आपल्या डोमखालचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटरच्या वर आहे. म्हणजे मेमधल्या वळवात डोमला त्याच्या वजनाइतका वर उचलणारा जोर बसू शकतो. त्यामुळे आठही खांबांना अशी क्लिप पाहिजे की तिचं नाक रिंगच्या आतल्या कडेवर दोन-तीन एमएम अंतर ठेवून येईल, फिरताना लागणार नाही पण उचललं तर धरेल. काम संपलं की चार टर्नबकलने (फिरवून आवळायच्या हुकाने) रिंग खांबांना आवळून ठेवायची, हे दर रात्री, आकाश कितीही निरभ्र असलं तरी.

विजेला वेगळं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घाला, टेलिस्कोपला १२ व्होल्टच द्या. ढग गडगडले की प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही. आतला दिवा लाल.

बघायला सुरू करण्याआधी तासभर शटर उघडा. भिंतींना वीट नको, सिमेंट शीट किंवा प्लाय लावा, वीट उष्णता धरून ठेवते.

पहिल्या पावसाआधी

जून उजाडायच्या आत टेलिस्कोप आणि आयपीस घरात न्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, कारण दमट हवेत काचेवर बुरशी धरते आणि ती काचेच्या थरात शिरली की निघत नाही. माउंट राहिलं तर त्यावर कापडाचं कव्हर घाला, प्लास्टिकमध्ये आत पाणी साचतं. आपला पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडनं येतो म्हणून डोमची फट ईशान्येला वळवून आवळा. भिंतीत वर-खाली जाळी लावलेली दोन भोकं ठेवा, हवा खेळती राहते आणि गांधीलमाश्या, उंदीर आत घर करत नाहीत. पावसात आठवड्यातनं एकदा आत जाऊन फरशी, कमानीचे पाय आणि रिंगचे सांधे हात लावून बघा, ओल लागली तर तिथे खडूने खूण करून ठेवा आणि उघडीप मिळाली की बाहेरनं त्याच जागी घासून फायबरचं ठिगळ मारा. नवरात्राच्या सुमाराला टर्नबकल सोडा, डोम दोन-तीन वेळा पूर्ण फिरवून बघा, कुठे जड लागतोय ते चाक आधी पातळीत घ्या आणि मगच टेलिस्कोप आत आणा.